आंधळ्याचं बिऱ्हाड

युमत्सो उतारावर गुडघे टेकून बसली होती, हातात खुरपं होतं आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू होता. ऐकायला आसपास माणूस नव्हतं. तिचं भांडण चाललं होतं ते थेट उताराशी.

"बरं, नको देऊस. इतकी वर्षं तुझं खाल्लं, आता तू माझी चेष्टा कर. पण एक वाटी? मेल्या, एक वाटीसुद्धा नाही?"

उतार गप्प. वाऱ्याने गवत एका अंगावरून दुसऱ्या अंगावर झालं, इतकंच.

सकाळपासून खणून तिच्या ओच्यात जे जमलं होतं ते एका मुठीतही हरवून गेलं असतं. दोऱ्यासारखी बारीक मुळं, त्यांना कुठे कुठे ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. याला द्रोमा म्हणायचं? द्रोमा म्हणजे शेंगदाण्यासारखा टपोरा, तपकिरी, आत पांढराशुभ्र. उकडून वर वितळलेलं लोणी आणि साखर घातली की रताळ्यालाही लाजवेल असा गोड. माछू नदीच्या या वरच्या खोऱ्यात त्याच्याशिवाय नवं वर्ष लागत नाही आणि लग्नाची पंगत उठत नाही. आणि एके काळी साऱ्या खोऱ्यात द्रोमा म्हटला की एकच नाव निघायचं, युमत्सोचं.

काय दिवस होते ते! शरद लागला, पानं पिवळी पडली, की उतारावर बायकांची जत्रा भरायची. युमत्सो मधोमध. तिचा आवाज असा, की तिला कुजबुजता म्हणून येत नसे. मठात ती प्रार्थना पुटपुटली तरी मागच्या भिंतीला टेकलेल्या म्हातारीला शब्दन् शब्द कळायचा. ती गाणं उचलायची, बाकीच्या ओढायच्या, आणि खुरपी तालावर पडायची. जाताना प्रत्येकीची पिशवी ती स्वतः चाचपायची. कमी वाटली तर आपल्या पिशवीतले ओंजळभर तिच्यात टाकायची आणि वर ऐकवायची, "घे गं, नवऱ्याला सांग युमत्सोच्या उतारानं पोसलं!"

आता त्याच उताराने तिला एक वाटी नाकारली होती, आणि त्या वाटीवर तिचं उरलेलं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

त्याचं असं झालं. तिची एकुलती एक लेक लुमो हिचं नदीपलीकडच्या त्सेपाकशी जमलं. पोरगा गुणी, घोड्यावर पक्का, मोटारसायकलवर त्याहून पक्का. युमत्सोचा नवरा नामल्हा दोन हिवाळ्यांपूर्वी गेला होता, घरात दुसरा पुरुष नव्हता, म्हणून त्सेपाकने घरजावई होऊन यायचं ठरलं. त्यात त्याला कमीपणा नव्हता, त्याच्या आईबापांची हरकत नव्हती. हरकत नव्हे, पण एक अट घातली ती त्याच्या आजीने. आजी वांग्झोम म्हणजे पलीकडच्या काठाचा शेवटचा शब्द.

"पोरगं देते," आजी म्हणाली होती. "पण जुन्या रीतीनं. जावई ज्या जमिनीवर राहायला जाणार, त्या जमिनीचा द्रोमा त्यानं पहिल्यांदा खायचा. मी समोर बसणार. जमिनीनं घास दिला तर तो तिथला. नाही दिला, तर तो जन्मभर पाहुणा. आणि माझा नातू मी पाहुणा म्हणून नाही पाठवायची. मग तुझी लेक इकडे येईल."

तुझी लेक इकडे येईल! पलीकडे जायचं म्हणजे पूल खाली लांब, हिवाळ्यात बर्फ पडलं की वाट बंद. युमत्सो हसून "हो हो, त्यात काय" म्हणाली, चहा ओतला, आणि घरी येईपर्यंत घोड्यावर एक अक्षर बोलली नाही. लुमोला तेव्हाच कळलं की आईला भीती वाटते आहे.

उतार असा रुसला का, याचं उत्तर युमत्सोला ठाऊक नव्हतं. तिच्या मते तिने उताराचं भलंच केलं होतं.

पूर्वी हा उतार काळ्या ढिगाऱ्यांनी भरलेला असे. ती करणी आंधळ्याची. आंधळा म्हणजे जमिनीखाली राहणारा, मांजराच्या पिल्लाएवढा, राखाडी मखमली प्राणी. डोळे टाचणीच्या टोकाएवढे, पण पुढच्या पंजांची नखं विळ्यासारखी. दिवसा वर येत नाही. खाली बोगदे खणतो, मुळं खातो आणि खणलेली माती वर ढकलून देतो. सकाळी उठून पाहावं तर हिरव्या कुरणावर ताज्या काळ्या मातीचे ढीग मांडून ठेवलेले. अशाच एका बोगद्याचं छत नामल्हाच्या करड्या घोड्याच्या टापेखाली खचलं आणि घोड्याचा पाय मोडला. मोडल्या पायाचा घोडा वाचत नाही. नामल्हाने त्याचं खोगीर दाराआड टांगलं, ते मरेपर्यंत खाली काढलं नाही. नवऱ्याचा तो चेहरा पाहून युमत्सोने त्याच आठवड्यात अखू शावोला बोलावणं धाडलं.

अखू शावो, म्हणजे शावोकाका, तेव्हा खोऱ्यातला नावाजलेला सापळेवाला. त्याचा सापळा म्हणजे धनुष्यच. बोगद्याच्या तोंडाशी ताणून ठेवायचं, आंधळा तोंड बुजवायला आला की वरून लोखंडी सळई खाली. एका वसंतात त्याने सगळा उतार रिकामा केला. त्यानंतर कुंपणापलीकडून एखादा चुकार येऊन ढीग घालायचा, तर युमत्सो फावडं घेऊन धावायची, माती पसरायची, पायाने चोपायची आणि वर गवताचं बी टाकायची. चूल सारवावी तसा तिने उतार सारवला. आणि गवत काय आलं! दाट, एकसारखं, गालिचाच. जाणारे-येणारे घोडा थांबवून बघत. याक धष्टपुष्ट झाले.

द्रोमा मात्र वर्षागणिक आटत गेला. तिने डोंगराच्या धन्याला धूप घातला, लोणी वाहिलं, क्षमा मागितली. डोंगराच्या धन्याने ऐकलं असावं. उत्तर दिलं नाही.

"आमा," लुमो त्या संध्याकाळी चुलीत गोवऱ्या सारत म्हणाली, "पालछेनकाकांकडे पोतंभर आहे. त्यांचा उतार आपल्याला लागूनच. वाटीभर मागून आणते. द्रोम्यावर काय नाव लिहिलेलं असतं?"

"माझ्या जावयाला मी पहिल्याच दिवशी खोटं खाऊ घालू?"

"त्याला नाही कळणार. तो काहीही खातो."

"त्याला नाही गं. मला कळेल ना." युमत्सोने मुठीतली मुळं ताटलीत टाकली. त्यांचा आवाजही झाला नाही. "आणि ती आजी. तिला तर वासावरून कळेल मी काल काय जेवले."

दुसऱ्या दिवशी तिने अखू शावोला पुन्हा बोलावलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. तो उतार खालून-वरून ओळखणारा तोच एक माणूस उरला होता, म्हणून असेल. शावो आता म्हातारा झाला होता. आई वारली तेव्हा त्याने मठात शपथ घेऊन सापळे नदीत टाकले होते आणि हातात जपमाळ आली होती. पण चालताना अजून तो जमीन पायाने ऐकायचा. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं.

"पापाची आठवण करून द्यायला बोलावलंस होय?" तो हसत म्हणाला.

"अखू, तुम्ही आणि मी मिळून पाप केलंय. निम्मं माझ्या नावावर. पण आधी सांगा, माझा द्रोमा कुठे गेला?"

शावोने उताराच्या गालिच्यावर टाच दाबली. टाच आत गेली नाही. दुसऱ्या जागी दाबली. तिथेही नाही.

"घट्ट झालीय," तो म्हणाला. "पोरी, आठवतं का तुला, द्रोमा कुठे दाट असायचा? ढिगांवर. नव्या ढिगावर नाही. नव्यावर पहिल्या वर्षी काहीबाही तण यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेजारून द्रोम्याचे लाल दोरे धावत यायचे, मोकळी माती दिसली की गाठ मारून बसायचे. मग गवत हळूहळू परत यायचं आणि द्रोमा पुढच्या ढिगाकडे निघायचा. भटकाच तो, आपल्यासारखा. त्याला तंबू ठोकायला मोकळी जागा लागते. तुझ्या गालिच्यात तो खुंटी कुठे मारणार?"

युमत्सोने वाकून गवतात बोट खुपसून पाहिलं. तेही आत गेलं नाही.

"मग मी फावड्यानं..."

"हो. मी आंधळे काढले, तू त्यांचे उरलेसुरले ढीग बुजवलेस. जोडी छान जमली आपली."

तिला हसू आलं आणि रडूही. दोन्ही आवरायला म्हणून ती उठली आणि कुंपणाच्या कडेने चालू लागली. तिथे कोपऱ्यात, तारेच्या अलीकडे, काळ्या मातीचा ताजा ढीग होता. इतक्या वर्षांची सवय! डोकं अजून शावोच्या बोलण्यात, आणि हातांनी कुंपणाला टेकवलेलं फावडं उचललंसुद्धा. पातं ढिगात घुसलं.

"थांऽऽब!"

शावो असा ओरडला की वरच्या कड्यावरचे पक्षी उडाले. म्हातारा जपमाळ गळ्यात टाकून धावत आला आणि ढिगासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. पन्नास वर्षं ज्याने आंधळे मारले तो आज त्यांच्या दारात पहारेकरी!

"अगं, आंधळोबा स्वतः चालत आलेत आणि तू फावड्यानं ओवाळतेस?"

मग त्याने ढिगाभोवती पावलं टाकली, एका जागी थांबला, पुन्हा टाच दाबली. या वेळी टाच आत गेली. "कोठार इथेच. थंडीआधी भरून ठेवतात. हळू खण. हातानं."

दोघांनी गवताची ढेप कापून उचलली, हातांनी माती सारली आणि आत पाहिलं. हातभर खोल, सारवल्यासारखी गुळगुळीत खोली, आणि तिच्यात काठोकाठ द्रोमा. टपोरा, स्वच्छ, माती झटकलेला, पाहुणे यायचे म्हणून कोणी निवडून ठेवावा तसा.

"निम्मा," शावोने बजावलं. "निम्म्याच्या वर एक दाणा नाही. त्याचा हिवाळा त्यात आहे."

"मला शिकवू नका. माझी सासू निम्मा घेऊन त्याच्या बदल्यात धान्य ठेवायची." युमत्सो घरी धावली आणि सातूचे दाणे, वाटाणे आणि सलगमाच्या फोडी घेऊन आली. काढलेल्या जागी तिने ते नीट रचले, ढेप परत बसवली, कपाळ टेकलं. "आंधळोबा, रागावू नका. घरात कार्य आहे."

आणि ती अशी मोठ्याने हसली की तारेपलीकडून पालछेन पाहायला आला. पालछेन तिच्या नवऱ्याचा मित्र, थट्टेखोर माणूस, तोंडात कायम गवताची काडी.

"काय वहिनी, खजिना सापडला?"

"सापडला! माझ्या जमिनीत!"

पालछेनने ढीग पाहिला. मग वळून आपल्या बाजूला पाहिलं. तिथे तारेला लागून जुन्या ढिगांची रांगच होती आणि त्यांच्यावर द्रोम्याची पिकली पानं पसरलेली. त्याने काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"वहिनी, तुमच्या बाजूला गवताशिवाय काही नाही. मग हा द्रोमा आला कुठून? आंधळा कमावतो माझ्याकडे आणि साठवतो तुमच्याकडे! बघा की, बोगदा तारेखालून गेलाय. वा रे गडी! त्याला म्हणावं, निदान चहाला तरी बोलाव."

तो हसला. शावो हसला. युमत्सोच्या चेहऱ्यावरून मात्र हसू असं उतरलं, की पालछेनने काडी थुंकून टाकली.

"वहिनी, मी गंमत केली. अहो, मी कुठे बोलणार नाही. शपथ."

"तू नाही बोलणार," ती म्हणाली. "पण मी ऐकलं ना."

ओच्यात वाटीभर द्रोमा होता. तिच्या जमिनीतून निघालेला. तिच्या जमिनीत न उगवलेला. तो तिचा होता की नव्हता? घरी जाऊन तिने तो धुतला, वाळवला, पुन्हा पुन्हा हात फिरवून पाहिला. लुमो म्हणाली, "आमा, निघाला आपल्याकडेच. खोटं कुठे आहे?" युमत्सोने मान हलवली. पण ती मान हो म्हणत होती की नाही, ते लुमोला समजलं नाही.

आजी वांग्झोम आली ती नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून, मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळलेली, हातातली काठी भाल्यासारखी आडवी धरून. खाली उतरताच तिने पहिल्यांदा काय केलं, तर गालिच्यासारख्या उताराकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

घरात सगळे जमले. शावो आला, पालछेन आणि त्याची बायको आली. लुमो चुलीआड उभी. त्सेपाक मधल्या चटईवर, नवा अंगरखा घालून, भुकेलेला. युमत्सोने वाटी आणली. द्रोमा फुललेला, वर सोन्यासारखं लोणी. वाटी पुढे करता करता तिचे हात थांबले.

"आजी," ती कुजबुजली, म्हणजे अंगणातल्या कुत्र्यानेही कान टवकारले. "याआधी एक सांगायचंय. हा द्रोमा माझ्या जमिनीतून काढलाय. पण तो उगवला पालछेनच्या जमिनीत. आंधळ्यानं तारेखालून आणून माझ्याकडे साठवला. माझ्या उतारानं मला यंदा मूठभरही दिला नाही. आता हा माझा की नाही ते तुम्ही ठरवा. नसेल तर... नसेल तर लुमो तिकडे येईल."

चुलीआड काहीतरी खाली पडलं. त्सेपाकने उघडलेलं तोंड मिटलं. पालछेनची बायको नवऱ्याकडे असं बघत होती की त्याने चटईखाली जायची तयारी केली.

आजीने काठी टेकली. "वाटी झाकून ठेव. मला ते बीळ दाखव."

सगळी वरात उतारावर निघाली. पुढे आजी, मागे बाकीचे. कोपऱ्यात पोहोचल्यावर सगळे थबकले. पूर्वी एकच ढीग होता, आता शेजारी दोन नवे उभे राहिले होते, माती अजून ओली. आजीने काठी तारेकडे रोखली.

"खातो कुठे?"

"पलीकडे," शावो म्हणाला.

"झोपतो कुठे?"

"इथे. कोठाराच्या खाली त्याची गवताची गादी असते. हिवाळा इथेच काढणार."

आजी वळली आणि नातवाला काठीने टोचलं. "आणि हा? हा कुठे वाढला?"

"आपल्याकडे, आजी," त्सेपाक गोंधळून म्हणाला.

"कोणाचं लोणी खाऊन एवढा झालास?"

"तुमचं."

"आणि राहणार कुठे?"

त्सेपाकने लुमोकडे पाहिलं. "इथे. म्हणजे, तुम्ही म्हणालात तर."

"मग!" आजीने दोन्ही हात काठीवर ठेवले आणि सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू एवढी सोपी गोष्ट कोणाला कळू नये याचंच तिला नवल वाटत होतं. "पलीकडचं खाल्लं, अलीकडे बिऱ्हाड केलं. तो आंधळा कोण झाला? घरजावई झाला! जावयानं सासरी आणलं ते सासरचं. त्याला मी नाही म्हटलं, तर याला हो कशी म्हणू?"

मग पहिल्यांदा हसला तो पालछेन, सुटका झालेल्या माणसासारखा, पोट धरून. "म्हणजे आजी, माझ्याकडचा जावई गेला!" मग शावो, मग त्सेपाक. युमत्सो ओल्या मातीत मटकन बसली आणि बाहीने डोळे पुसू लागली. तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत हळू रडणं असेल, तरी ते पलीकडच्या याकांना ऐकू गेलं.

आजी तिच्याजवळ वाकली. "ऊठ गं. खरं सांगू? घासाचं निमित्त होतं. तुझा उतार मेला असं खोऱ्यात बोलत होते. मेल्या जमिनीवर पोरगं कसं पाठवू? ही माती बघ." तिने ढिगातली चिमूटभर माती उचलून बोटांत चुरली. "ही मेलेली नाही. फक्त ते फावडं कुठेतरी टांग. तुझ्या नवऱ्यानं खोगीर टांगलं तसं."

घरी परतले तोवर वाटीतलं लोणी थिजून पांढरं झालं होतं. लुमोने ते पुन्हा चुलीवर धरलं. त्सेपाकने वाटी रिकामी केली, चाटून पुसली आणि विचारलं, "आणखी आहे?" आजीने त्याच्या डोक्यात काठी घातली. निम्मा घेतला होता, तो संपला. उरलेला त्याच्या मालकाचा.

त्याला आता काही वर्षं झाली. फावडं दाराआड खोगिराशेजारी टांगलेलं आहे. उताराचा गालिचा राहिला नाही, त्याला काळी ठिगळं लागली आहेत. काही ठिगळांवर तण आहे, काहींवर निळी फुलं, आणि जुन्या ठिगळांवर द्रोम्याचे लाल दोरे एकमेकांना ओलांडत धावताहेत. वारा आला की पानं उलटी होतात आणि अख्ख्या उतारावर चांदी चमकते. गवत थोडं कमी झालं म्हणून युमत्सो कुरकुरते, तेही अशा आवाजात की पालछेनला उत्तर द्यावंच लागतं. घोडे मात्र ती खालच्या सपाटीवरच बांधते. शहाणपण एकदाच शिकावं लागतं.

परवा त्सेपाक वासराला पाठीवर घेऊन उतार चढत होता. पाय भुसभुशीत मातीत गुडघ्यापर्यंत गेला, वासरू एकीकडे, हा दुसरीकडे, आणि तोंडातून आंधळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार निघाला. वरून, द्रोमा खणता खणता, सासूचा आवाज आला.

"हळू बोल रे! थोरले जावई आहेत खाली."